दुसरं उत्तर

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात कामावर असताना मी फोनचा आवाज बंद करून तो टेबलाच्या खणात ठेवते. त्या दिवशी सकाळी खण थरथरला तेव्हा समोर स्पर्धा परीक्षांची मुलं माना खाली घालून बसली होती, म्हणून मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले. शुश्रूषा केंद्रातल्या सिस्टरांचा फोन होता. "ताई, बाई गेल्या. शांतपणे गेल्या," त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणाले. बरं म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण दुसरा शब्द सुचला नाही... खणाला कुलूप लावलं, शिपायाला सांगितलं आणि रिक्षात बसले. रिक्षा शहराबाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात त्यांचा 'शांतपणे' एवढाच शब्द फिरत होता. पुढे भेटायला आलेल्या प्रत्येकाने तो म्हटला. शांत गेली, पुण्यवान होती. मी मान हलवत राहिले. माझ्या मावशीच्या बाबतीत हा शब्द मला इतका का टोचला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

सुमनमावशी माझ्या आईची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चौथीत होते, आणि तेराव्यानंतर मावशीने मला भोकरदनला आपल्या घरी नेलं ते कायमचंच. तिने लग्न केलं नव्हतं. आधी ती शिक्षिका होती, मग पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी झाली. तालुक्यातल्या शाळा तपासणं हे तिचं काम. साहेब येणार हे शाळेला साहेबाच्या आधी कळतं, हे तिला स्वतः शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. कंडक्टर कुणाला तरी सांगतो, फाट्यावरचा चहावाला आणखी कुणाला, आणि साहेब पोचेपर्यंत दारात रांगोळी पडलेली असते. म्हणून ती एक फाटा आधीच उतरायची आणि शेतातल्या पायवाटेने शाळेच्या मागच्या बाजूने शिरायची. मुख्याध्यापकांचं टेबल शेवटी. आधी पाण्याची टाकी, मग संडास, मग खिचडीचं पातेलं, आणि मग वर्गात जाऊन थेट शेवटच्या बाकापाशी. वर्ग फार शांत असला की तिला तो आवडायचा नाही. "पोरं असून आवाज न्हाई म्हणजे कोणीतरी आत्ताच दाबलाय," असं म्हणायची.

एकदा माझ्या शाळेला स्थानिक सुट्टी होती, तेव्हा केदारखेड्याच्या पुढच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी तिच्याबरोबर गेले होते. शेवटच्या बाकावर माझ्याच वयाची एक मुलगी होती. मावशीने विचारलं, "शाळेत पाणी पितेस का ग?" ती म्हणाली, "हो." मला वाटलं, झालं. पण मावशी हलली नाही. बाकाला टेकून नुसती उभी राहिली, मुलीकडे न बघता खिडकीतून बाहेर बघत. दारात मुख्याध्यापक घसा खाकरत होते. बऱ्याच वेळाने ती मुलगी पुटपुटली, "पण टाकीला कुलूप राहतं." पोरं पाणी सांडतात म्हणून मुख्याध्यापकांनी टाकीला कुलूप घातलं होतं आणि किल्ली त्यांच्या खिशात असायची. परत येताना पायवाटेवर मावशी मला म्हणाली, "पहिलं उत्तर सरांचं असतं. ते ऐकायचं आन् तिथंच उभं राहायचं. दुसरं आलं तर ते पोराचं."

त्या शाळेचा शेरा वाईट गेला. काही दिवसांनी ते मुख्याध्यापक गावातल्या एका वजनदार माणसाला घेऊन आमच्या घरी आले. मावशीने दोघांना चहा दिला आणि सांगितलं, "शेरा बदलत नसतो, सर. शाळा बदला. मी पुन्हा येते, नवा शेरा देते." ती पुन्हा गेली, तेव्हा टाकीचं कुलूप निघालेलं होतं, आणि तिने 'समाधानकारक' असा शेरा दिला. तिचा शब्द याच्या वर कधी गेला नाही. 'उत्तम' असं तिने सबंध नोकरीत कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. मी पदवीला महाविद्यालयात पहिली आले तेव्हा मलाही समाधानकारकच मिळालं होतं.

गेल्या पावसाळ्यात तिची कंबर दुखायला लागली. वयाचं म्हणून तिने दिवस काढले. संभाजीनगरला तपासण्या झाल्या तेव्हा आजार हाडांत पोचला होता. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं, तेव्हाच मला कळलं. आता आजाराशी भांडण्यात अर्थ नाही, दुखणं सांभाळायचं, आणि ते सांभाळणारी माणसं जवळ असतील अशा ठिकाणी त्यांना ठेवा, असं ते म्हणाले. ठेवा... माझं घर जालन्यात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लिफ्ट नसलेलं. त्यातल्या एका खोलीत माझ्या सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळून आहेत. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी. तरी मी म्हटलं, घरीच चल. मावशी म्हणाली, "तुझ्या घरी एक बाई पडून आहेच. मी आले की दोघी. मंग तू तिसरी." भोकरदनच्या तिच्या घरी रोज येऊन दुखण्याचं औषध देईल असं कोणी मिळेना. पुष्कळ चौकशा करून हाताशी आलेलं ठिकाण एकच होतं. जालन्याच्या बाहेर, मोसंबीच्या बागेला लागून, बरे न होणाऱ्या रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळणारं एका संस्थेचं शुश्रूषा केंद्र. नाव देत नाही. माणसं तिथली वाईट नव्हती.

"बघितल्याबिगर जायची न्हाई," मावशी म्हणाली. मी फोन करून वेळ घेते म्हटलं, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी फोन खाली ठेवला. बागेच्या कोपऱ्यावरच तिने रिक्षा थांबवायला लावली. एक फाटा आधी उतरायची सवय तिथेही सुटली नाही. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर, अशी ती इमारतीच्या मागच्या बाजूने शिरली. पिण्याच्या पाण्यावर झाकण होतं. संडासात धरायला दांडी होती आणि ती बसलेल्या माणसाच्या हाताला येत होती. ते मावशीने बसून बघितलं. स्वयंपाकघरात जाऊन वरणाचं झाकण काढून वास घेतला. चादरी धुतलेल्या होत्या, रुग्णांची नखं कापलेली होती. मग बायकांचा लांब हॉल, दोन्ही बाजूंनी खाटा, आणि इतकी शांतता की बागेतल्या पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकू येत होती. कोणी कण्हत नव्हतं. एक सिस्टर आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मावशी थेट भिंतीकडच्या शेवटच्या खाटेपाशी गेली. तिथे जांबेकडच्या एका खेड्यातल्या कौसाबाई होत्या, पोटाच्या आजाराने वाळून गेलेल्या. "काही तकलीफ?" मावशीने विचारलं. "बरं हाय की बाई. समदं बराबर हाय." मावशी खाटेच्या दांडीला टेकली. मला ते टेकणं ओळखीचं होतं, मी वाट बघत राहिले. पण माझ्या खांद्यावरची तिची बोटं रुतत चालली, तिच्या कपाळावर घाम आला आणि ती म्हणाली, "चल." परतताना रिक्षात ती डोळे मिटून होती. शहर जवळ आल्यावर म्हणाली, "समाधानकारक." मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच रडले. तिने स्वतः तपासलं होतं, शेरा तिचा होता. माझ्यावरचं ओझं उतरलं, असं मला वाटलं.

तिला तिथे दाखल केलं आणि हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं की आम्ही दोघी कुठेतरी आत येऊन पडलो आहोत आणि बाहेरची वाट दिसत नाही. जोराच्या दुखण्याचं औषध तिथे होतं. ते कुलपाच्या कपाटात असायचं, तसा नियमच असतो. ते ठरलेल्या वेळी मिळायचं. दोन वेळांच्या मधे दुखणं उसळलं तर सिस्टर येऊन पाय चेपत, पाणी पाजत आणि सांगत, "बाई, टाइम न्हाई झाला अजून." डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मधे काही द्यायचा त्यांना अधिकार नव्हता. डॉक्टर ठरलेल्या दिवशी येत, आणि ते आले की सगळा हॉल "बरं हाय" म्हणायचा. त्यामुळे त्यांनी कधी लिहून दिलं नव्हतं. मागून काही मिळत नाही हे कळलेल्या बायका मागेनाशा झाल्या होत्या. ती शांतता तिथून आलेली होती.

वाचनकक्ष बंद करून मी रोज संध्याकाळी जायचे. "कसं आहे?" विचारलं की मावशी म्हणायची, "चांगलं आहे." चादरीचा एक कोपरा तिच्या मुठीत असायचा. मूठ सोडवली तर कापड ओलं लागायचं. मी डॉक्टरांशी बोलू का, असं विचारलं तर ती म्हणायची, "मी शेरा दिलाय." त्यापुढे बोलणं नाही. सिस्टरांशी मी एकदा जरा चढ्या आवाजात बोलले आणि लगेच घाबरले, कारण मी निघून गेल्यावर मावशी त्यांच्याच हातात राहणार होती. मग मी मोसंबी नेऊन दिली, सिस्टरांच्या मुलांची विचारपूस केली. दुसरी ठिकाणं लांबच्या शहरांत, आणि तिच्या हाडांना तेवढा प्रवास झेपला नसता. गावाकडून मामाचा फोन आला. "सुमनला ठिवून आलीस म्हणं. तिनं वाढवलं तुला, आन् तू ठिवून आलीस." घरी जाऊन सासूबाईंना भरवायचं, पहाटे त्यांचं आवरायचं, दिवसभर मुलांना पुस्तकं काढून द्यायची, संध्याकाळी पुन्हा तो हॉल. त्या दिवसांत मोसंबीला आंबेबहार आला होता. खिडकीच्या जाळीतून फुलांचा वास आत यायचा, आणि इतका चांगला वास मला तिथे सहन व्हायचा नाही.

पुढे मावशीला भिंतीकडे, कौसाबाईंच्या शेजारची खाट मिळाली. एके दिवशी मी अर्धी रजा टाकून दुपारीच गेले. मावशी डोळे मिटून पडली होती. कौसाबाईंनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"तुम्ही बाईच्या कोन?"

"भाची."

"मंग सांगते. बाई त्या दिशी बघाया आल्त्या, मला इचारलं, मी म्हनले बरं हाय. दुखत व्हतं वो. पन मागं सिस्टर उभी. बाई जराशा थांबल्या असत्या तर सांगितलंच असतं. थांबल्याच न्हाईत."

मी वळून बघितलं तर मावशीचे डोळे उघडे होते. तिने सगळं ऐकलं होतं. "त्या दिवशी मला उभं राहवलं न्हाई ग," ती मला म्हणाली. "माझंच दुखून राह्यलं होतं... शांत वर्ग बघितला आन् फसले. नोकरीत कधी फसले न्हाई."

"फसल्या तर फसल्या," कौसाबाई म्हणाल्या. "साहेब हायत ना तुम्ही?"

"होते."

"मंग पेन्शन कशाची खाता?"

मावशी हसली. हसण्यानेही तिला दुखलं, पण ती हसली. मी म्हटलं, रविवारी संस्थेचे देणगीदार यायचे आहेत, त्यांच्यासमोर सांगू, मग बघते कसं कोणी ऐकत नाही. मावशीला ते बिलकुल पटलं नाही. "पाहुण्यांसमोर शाळेची अब्रू काढायची नसते. ज्याच्या हातात किल्ली त्यालाच विचारायचं. डॉक्टर कधी येतात?"

डॉक्टर आले त्या दुपारी मी रजा घेतली होती. मावशीने मला तिच्या पाठीमागे उशा लावायला सांगितलं, केस विंचरून घेतले. डॉक्टर तरुण होते, घाईत असायचे, पण बोलायला गोड. "काय बाई, बरं आहे ना?" असं म्हणत ते पुढच्या खाटेकडे वळणार, तोच मावशी म्हणाली, "डॉक्टर, जरा इथंच उभे राहा." आणि मग ज्या आवाजात ती अख्ख्या शाळेशी बोलायची त्या आवाजात, तो थरथरत होता तरी, ती हॉलला म्हणाली, "ज्यांना आत्ता दुखून राह्यलंय त्यांनी हात वर करा."

कोणीही हात वर केला नाही. डॉक्टर हसले. सिस्टर खाली बघत होत्या. "मी थांबते," मावशी म्हणाली. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. बागेतली मोटार चालू होती. मला वाटलं, आता ही हरणार, आणि हरली तर इथून पुढचे तिचे सगळे दिवस असेच जाणार... तेव्हा कौसाबाईंचा हात वर आला, काटकीसारखा, मनगटात एकच हिरवी बांगडी. ती घरंगळत कोपरापर्यंत गेली. मग समोरच्या ओळीतला एक हात. मग खिडकीपाशी दोन. एका बाईंना हात उचलता येत नव्हता, त्यांनी पांघरुणाबाहेर दोन बोटं काढली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते एकेका हाताकडे बघत होते. सगळ्यात शेवटी मावशीने आपला हात वर केला. कोपर हलत होतं, म्हणून तिने ते दुसऱ्या हाताने धरलं. जन्मभर तिने मुलांना हात वर करायला लावले होते. तिचा स्वतःचा हात वर आलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

डॉक्टर स्टूल ओढून बसले. त्या दिवशी ते एकेका खाटेपाशी बसत गेले, आणि मधे दुखलं तर किती औषध द्यायचं हे प्रत्येकीसाठी सिस्टरांना लिहून दिलं. सगळं एका दिवसात सुधारलं असं मी म्हणणार नाही. बदलीच्या सिस्टर आल्या की पुन्हा "टाइम न्हाई झाला" सुरू व्हायचं, एका रविवारी डॉक्टरांचा फोनच लागला नाही. पण विचारलं तर मिळतं हे बायकांना कळलं होतं, आणि त्या विचारू लागल्या. मावशीला ते जमायला वेळ लागला. ती "सिस्टर" असं इतकं हळू म्हणायची की मलाही ऐकू येत नसे. कौसाबाई म्हणायच्या, "बाई, पंचायत समितीत ऐकू गेलं पायजे असं वरडा."

शेवटची भेट संध्याकाळची. मी मोसंबी सोलली, तिने एक फोड नुसती चोखली. चादरीचा कोपरा त्या दिवशी मुठीत नव्हता. मी गमतीने विचारलं, "मावशी, आता काय शेरा?" ती डोळे मिटून म्हणाली, "तपासणी चालू आहे." सासूबाईंची वेळ झाली म्हणून मी उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी खण थरथरला, आणि फोनमध्ये तो शब्द होता. मी पोचले तोवर तिला स्वच्छ करून, चादर ताणून, केस सारखे करून ठेवलं होतं. कोणाला काय विचारणार? शांतपणे, म्हणजे तिने हाक मारली नाही की तिला मारवली नाही? की मारली आणि कोणी आलं नाही? भोकरदनला तिला पोचवताना, दहाव्याला, तेराव्याला मी याच एका प्रश्नात अडकून होते.

काही आठवड्यांनी सिस्टरांचा निरोप आला की बाईंची काठी खाटेमागे राहिली आहे. मी न कळवता गेले. रिक्षा बागेच्या कोपऱ्यावर सोडली, हे उतरल्यावर माझ्या ध्यानात आलं. बहर गळून झाडांना बारीक फळं धरली होती. हॉलमध्ये शिरले तर आवाज होता. कोणीतरी "ओ सिस्टर" म्हणून हाका मारत होतं, दुसरं कोणी त्या हाकेला हसत होतं. मावशीच्या खाटेवर नव्या बाई होत्या. कौसाबाई होत्या तिथेच, आणखी लहान झालेल्या. मी काठी घेतली आणि विचारलं, "कौसाबाई, मावशी शेवटी शांत होती का?"

"व्हय. शांत गेल्या," त्या म्हणाल्या.

मी निघणार होते. पण निघाले नाही. खाटेच्या दांडीला टेकले, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि जाळीतून बागेकडे बघत राहिले. सिस्टर आल्या, औषध देऊन गेल्या. मोटार बंद झाली. मग मागून कौसाबाईंचा आवाज आला.

"शांत कशाच्या वो. पहाटं दोन डाव आवाज दिला. मोठ्यानं. मी जागी झाले की. दोन्ही डाव सिस्टर पळत आल्ती. दुसऱ्या डावाला डोळा लागला, तो लागलाच."

ती काठी मी घरी नेली नाही. वाचनकक्षात माझ्या खुर्चीमागे टेकवून ठेवली आहे. भिंतीवर 'शांतता राखा' ही पाटी माझ्याच अक्षरातली. दुपारी सगळ्या माना खाली असतात, पंख्याचा तेवढा आवाज. अशा वेळी मी कधी कधी उठते, काठी घेते आणि भिंतीकडच्या शेवटच्या टेबलापाशी जाते. तिथे बसलेल्या मुलीला हळूच विचारते, "काही हवंय का?" ती दचकून म्हणते, "नाही, मॅडम." मी ऐकते, आणि तिथेच उभी राहते.